डोंगा सुकेपर्यंत

एखाद्या कारागिराने "या कामाला वेळ लागेल" असं सांगितलं, तर तुम्ही त्याला काय समजता, आळशी की लबाड? तिसरा काही अर्थ तुमच्या मनात कधी आला आहे का? माझ्या मनात आला नव्हता. जलीलभाऊंना मी पहिल्याच भेटीत लबाड ठरवून टाकलं, आणि ते ठरवायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

ही भेट चंद्रपुरात, पठाणपुरा गेटाबाहेरच्या त्यांच्या शेडमध्ये झाली. मे महिना होता. टिनाच्या छपराखाली जुन्या टायरांवर वीस फुटांचा एक डोंगा, म्हणजे नाव, पालथा घातलेला होता, आणि साठीचा एक बारीक माणूस त्याच्या बुडाला गाल टेकवून, डोळे मिटून बसला होता. माझ्यासोबत कोहकाटोल्याचे दसरूभाऊ होते. डोंगा त्यांच्या गावचा, आणि तो चालवायचेही तेच. गावाच्या मागण्या लिहून पुढे मांडायचं काम माझं.

"भाऊ, झोपलात का?" मी विचारलं.

"नाई. डोंग्याचा ताप पाहून राह्यलो," डोळे न उघडताच ते म्हणाले. "ये, तू बी लाव गाल."

मी लावला नाही. दसरूभाऊंनी लावला. "थंड लागते," ते म्हणाले.

"लागते ना? आता मले सांगा, मे महिन्यात चंद्रपुरात कोनती चीज थंड लागते? ज्याच्या पोटात पानी आहे, तेच. माठ थंड लागते. हा डोंगा थंड लागते. म्हंजे तुमच्या गावाले सरकारनं माठ देल्ला."

दसरूभाऊ हसले. मी हसले नाही. डोंगा कधी मिळेल, एवढं विचारायला आम्ही बसने इतक्या लांबून आलो होतो. मी ते विचारलं.

"सुकला का देतो."

"कधी सुकेल?"

"सुकला का सांगतो."

मी वहीत 'टाळाटाळ' असा शब्द लिहून त्याच्याखाली रेघ मारली. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबांच्या संघटनेची, दुसऱ्यांच्या संघटनांची, गठ्ठ्यांनी. मी वाचायला शिकले तीच 'आमच्या मागण्या' या मथळ्याखालच्या ओळींवर. त्या ओळींमध्ये अशी माणसं भेटायची. कामाला उशीर करणारी, गोल उत्तरं देणारी. त्यांना कसं ओळखायचं ते मला पाठ होतं.

कोहकाटोला गडचिरोली जिल्ह्यात, एका धरणाच्या फुगवट्यामागे आहे. तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला डोंगर. उन्हाळ्यात डोंगरावरून पायवाट निघते, पावसाळ्यात तिच्यावर नाले उतरतात आणि ती बंद होते. राशन पलीकडे, दवाखाना पलीकडे, चौथीपुढची शाळा पलीकडे. गावात लाकडाचे दोन अरुंद डोंगे आहेत, पण त्यांत आजारी माणूस आडवा होत नाही. म्हणून हा फायबरचा डोंगा सरकारने दिला होता. तीन वर्षं तो बारा महिने पाण्यातच बांधलेला राहिला आणि त्याच्या बुडाला फोड आले. वाटाण्याएवढे, सुपारीएवढे, काही तळहाताएवढे. तहसीलच्या साहेबांनी तो चंद्रपुरात जलीलभाऊंकडे पाठवला, कारण या दोन जिल्ह्यांत फायबर समजणारा दुसरा मिस्त्री त्यांना माहीत नव्हता. कागद फिरता फिरता मार्चमध्ये निघायचा डोंगा मेमध्ये निघाला.

जलीलभाऊंचा खरा धंदा कुलरचा. चंद्रपुरात उन्हाळाभर कुलरच्या फायबर टाक्या फुटतात आणि उन्हाळाभर ते त्या जोडतात. टेम्पोचे मडगार्ड, गच्चीवरच्या टाक्या, जे येईल ते. एकदा त्यांनी ताडोब्याच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलसाठी दारात बसवायला फायबरचा वाघ बनवला होता. त्याचा फोटो शेडमध्ये लावलेला होता. वाघाचा चेहरा माणसासारखा दिसत होता. कोणी विचारलं की ते शांतपणे सांगायचे, "मॉडेल पाह्यजे होतं. माझा साळा जेवाले आल्ता, तोच समोर बसवला." तरुणपणी काही वर्षं ते कोकणात होड्या बनवण्याच्या कारखान्यात होते. फायबर तिथे शिकले. तिथलं एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा सांगायचे: "समुद्राचं पानी पोट भरलेलं आहे, ते कायले कोनाच्या घरात घुसते. आपलं तलावाचं पानी उपाशी आहे."

त्या दिवशी त्यांनी आम्हाला जाऊ दिलं नाही. दसरूभाऊंना स्टूल दिलं, मला जुना चष्मा दिला. "डोळ्यावर लाव. हे पानी डोळ्यात गेलं तर डोळा जाते." मग एका फोडाभोवती खडूने गोल काढला आणि टोचणी खुपसली. आतून पाण्याची बारीक चिळकांडी उडाली. पिवळसर, जरा चिकट. त्यांनी ते बोटावर घेऊन दसरूभाऊंच्या नाकापुढे धरलं.

"आंबलं," दसरूभाऊ म्हणाले.

"सिरक्याचा वास आहे. तलावाच्या पान्याले असा वास येते का? नाई. मग हे पानी कुठचं?"

दसरूभाऊ विचारात पडले. जलीलभाऊंना तेच हवं होतं. ते त्यांच्याशी बोलत होते, माझ्याशी नाही. मला ते नंतर कळलं.

"मोहफूल वाळलं का कसं होते? चिमटते. अन् पान्यात टाकलं का?"

"फुगते," दसरूभाऊ म्हणाले.

"काऊन फुगते?"

"आत गोड आहे म्हून. गोडाकडे पानी जाते."

"बस. हाच रोग आहे. आता पाहा." त्यांनी एक फोड पूर्ण सोलून काढला. वरची गुळगुळीत निळी साल नखाएवढी जाड. तिच्याखाली काचेच्या धाग्यांची चटई, आणि त्या चटईत काही धागे कोरडे, पांढरे, हाताने उपसता येतील असे. "हे धागे रेझिननं, म्हंजे फायबरच्या डिंकानं, भिजाले पाह्यजे होते. ज्यानं बनवला त्यानं घाई केली. भात उतरवला, पर मधात दाना कच्चाच राह्यला. रेझिन पातळ केलं, ते जमवाची दवाई कमी टाकली, ते पुरतं जमलंच नाई. आता डोंगा पान्यात बसला. सालीतून पानी कनाकनानं आत गेलं. आत कच्चा माल भेटला, त्याच्यात मिसळलं, गोड झालं. मोहफुलासारखं. मग ते आणखी पानी ओढते. साल फुगते. लोक म्हंतात, सालीले रोग झाला, रंग मारा. रोग बनवनाऱ्याच्या हातातून आल्ता."

मला हे मान्य होतं. बनवणारा चोर आहे, हे मला पत्रकासाठी उपयोगी होतं. मी लिहून घेतलं. पण डोंगा कधी मिळणार, हा प्रश्न तसाच राहिला होता.

त्यानंतर मी आठ-दहा दिवसांनी एकटी गेले. बुडाची सगळी साल त्यांनी घासून काढली होती. शेडमध्ये पांढरी धूळ होती आणि तोंडाला गमछा बांधून ते गरम पाण्याने डोंगा धूत होते.

"सुकवायचा म्हणता आणि धुताय कशाला?" मी विचारलं.

"आतलं ते आंबट चिकट आहे ना, ते उन्हानं उडत नाई. तेलासारखं बसून राहते. ते धुवून काढा लागते. धुतलं का सुकवा. सुकलं का पुन्हा धुवा."

"म्हणजे किती वेळा?"

"डोंगा सांगंल."

डोंगा कसा सांगतो, तेही त्यांनी दाखवलं. बुडावर वीतभर पॉलिथिनचा चौकोन ठेवून त्यांनी चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. मी वाकून पाहिलं. पॉलिथिनच्या आतल्या बाजूला बारीक थेंब जमले होते. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश ऊन होतं आणि आत दव होतं.

"हे जोवर येते तोवर वरून काई लावाचं नाई. लावलं तर पानी कोंडते. मंग आपन इपॉक्सी लावो का सोनं लावो, ते ढकलून बाहीर येते. एकदम येते, पापुद्रा उचलते."

"पण पावसाळा आलाय, भाऊ."

"तेच सांगून राह्यलो. यंदा नाई होत. पावसाच्या हवेत हा सुकत नाई. पावसाळाभर इथीच राहू द्या. दिवाळीनंतर मी सुकवतो. तुमी साहेबाले दुसरा डोंगा मागा, चार महिन्यांसाठी. तुमचं काम मागाचं आहे ना? मंग हे मागा."

हे वाक्य मी ऐकलं होतं. इतकं स्पष्ट ऐकलं होतं की आज ते जसंच्या तसं लिहिता येतं. पण तेव्हा मला त्यात एवढंच दिसलं, की एक गाव पावसाळाभर डोंग्याविना ठेवायचं आणि यांनी कुलर जोडत बसायचं. मी साहेबांना दुसऱ्या डोंग्याचं एकदा विचारलं. त्यांनी तरतूद नाही म्हटलं. मी तिथेच सोडून दिलं आणि सोपी मागणी धरली.

पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. माझं स्वतःचं, बाबांनी न तपासलेलं पहिलं पत्रक. त्यातली मुख्य मागणी अशी होती: 'कोहकाटोल्याच्या नावेची दुरुस्ती तात्काळ पूर्ण करून ती पावसाळ्यापूर्वी गावाला परत करा.' छापून आल्यावर एक प्रत मी जलीलभाऊंना नेऊन दिली. मला वाटतं, त्यांना लाज वाटावी म्हणून दिली.

त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचलं. एका शब्दावर बोट थांबलं.

"हे तात्काळ म्हंजे किती दिस?"

"तात्काळ म्हणजे ताबडतोब."

"तेवढं समजते मले, पत्रकवाली. मी डोंग्याच्या तर्फेनं विचारून राह्यलो."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी पत्रकवाली झाले. माझं खरं नाव त्यांनी पुढे कधी घेतलं नाही.

पत्रक तहसीलमध्ये दिलं, वाटलं, एका स्थानिक पेपरात त्यावर चार ओळी आल्या. आठव्या दिवशी साहेबांनी ट्रक पाठवला. सोबत पत्र होतं: ग्रामस्थांच्या मागणीनुसार नाव तात्काळ ताब्यात द्यावी. डोंगा दुसरीकडे नेला गेला, कुठल्याशा पेंटरने बुडावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि चार दिवसांत निळा रंग दिला. पहिल्या पावसाआधी तो कोहकाटोल्याच्या काठावर आला. नारळ फुटला. गावकऱ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मागितलं आणि मिळालं, असं आमच्या घरात फार वेळा झालेलं नव्हतं.

दसरूभाऊंनी पाण्यात ढकलण्याआधी डोंग्याला गाल लावून पाहिला.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"रंगाचा वास येते फक्त. थंड का गरम, काई समजत नाई." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "जाऊ द्या बाई, आला ना. आमचं काम भागलं."

पुढचं थोडक्यात लिहिते. लांबवून लिहिता येत नाही.

ऑगस्टमध्ये राशन आणायला सात जण निघाले, दसरूभाऊ धरून. फुगवट्याच्या मध्यात, मागच्या फळीखाली, बुडाचा पापुद्रा उचलला. दीड-दोन हात लांब, एकदम. पाणी आत आलं. तिथे पाण्यात बुडालेली सागाची वाळकी खोडं उभी आहेत. दसरूभाऊंनी एकेकाला खोडापर्यंत नेलं. दोन बायका, एक म्हातारा, तीन पोरं. सहा. गावातले लाकडी डोंगे पोचेपर्यंत ते सहाजण खोडांना धरून होते. शेवटच्या खेपेनंतर दसरूभाऊ स्वतः खोडापर्यंत पोचले नाहीत.

मी दुसऱ्या दिवशी गेले. काठावर लोक होते, पोलीस होते. दसरूभाऊंच्या पत्नी जैतूबाई घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले. मला रडू आलं नाही. समोर कोंबड्या होत्या, त्या मोजल्या. नऊ होत्या. नंतर कोणी काय बोललं ते मला आठवत नाही, कोंबड्यांचा आकडा आठवतो. पुढे कित्येक आठवडे हे असंच राहिलं. जेवण केलं की नाही हे भांड्याकडे पाहून कळायचं.

जलीलभाऊ तिसऱ्या दिवशी आले. चंद्रपूर, गडचिरोली, तिथून जीप, तिथून लाकडी डोंगा. त्यांना पोहता येत नव्हतं. डोंग्यात ते दोन्ही काठ धरून बसले होते. जैतूबाईंसमोर ते येऊन उभे राहिले.

"मी फायबरवाला," ते म्हणाले.

"तुमचं नाव सांगत होते ते," जैतूबाई म्हणाल्या. "म्हनत होते, त्या भाऊनं आपल्या डोंग्याले माठ म्हटलं."

जलीलभाऊंनी मान हलवली. माझ्याकडे त्यांनी त्या दिवशी पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल तर मला दिसलं नाही.

चौकशी लागली. कागदावर दुरुस्ती करणारा म्हणून एकच नाव होतं, जलीलभाऊंचं. पेंटरचं नाव कुठेच नव्हतं. नोटीस आली. त्यांनी मला बोलावून घेतलं, कारण त्यांना मराठी वाचता यायचं पण अर्ज लिहायला हात चालायचा नाही. "तू लिवत असते ना? लिव," म्हणाले. मी कागद घेऊन बसले. माझं पत्रक त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली होतं. मी नेऊन दिलेली ती प्रत त्यांनी ट्रकसोबत आलेल्या साहेबांच्या पत्राला जोडून ठेवली होती. ते दोन कागद जोडून पाठवले असते तर ते सुटले असते. मागणी कोणाची, घाई कोणाची, सगळं त्यात होतं. ते कधी सांगतात याची मी वाट पाहत होते.

त्यांनी दोन वाक्यं सांगितली. "डोंगा ओला होता. तो सुकला असं मी कोनाले म्हटलं नव्हतं." आणि थांबले.

"एवढंच?"

"एवढंच."

"माझ्या पत्रकाचं लिहू?"

"काऊन?"

"त्यामुळेच तर नेला."

ते उठले, घागरीतलं पाणी प्यायले, पुन्हा येऊन बसले. "तुले डोंग्याचं काय समजत होतं? तुले बोलता येते, तू बोलली. साहेबाले ट्रक पाठवता येते, त्यानं पाठवला. सुकला का ओला, हे समजनारा त्या वेळी एकच मानूस होता इथी. अन् ट्रक आला तवा गेटाची कडी कोनी काढली? मी काढली. सही मागितली, सही केली. मनात म्हटलं, जाऊ दे, कोन भांडते. आडवं पडाले पाह्यजे होतं गेटात. मंग घेऊन जाते का ट्रक अंगावरून?"

मी कागद पुढे ओढला.

"लिव, सही करतो."

ते पत्र तेवढंच गेलं. त्यांना काळ्या यादीत टाकलं. सरकारी काम त्यांना पुढे मिळालं नाही. कुलर होतेच.

दिवाळीनंतर पाणी उतरलं आणि फुटका डोंगा काठावर उघडा पडला. जलीलभाऊंनी जैतूबाईंना निरोप पाठवला, देता का म्हणून. गावाने दिला. कोणी कागद केला नाही, कोणी विचारलं नाही. तो पुन्हा त्याच टायरांवर पालथा झाला, आणि त्यांनी मला सांगितलं, "दर आठवड्याले येजो. पॉलिथिन पाहाचं काम तुझं."

मी गेले. जायला दुसरी जागाही नव्हती, कारण मी काही लिहीत नव्हते. दर रविवारी मी वाकून पॉलिथिनकडे पाहायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचे: ओला. पुढच्या रविवारी पुन्हा: ओला. ते गरम पाण्याने धुवायचे, मी बादल्या भरायचे. पेंटरने भरलेली लांबी त्यांनी छिन्नीने काढली. ती कुठे कुठे हाताने सुटायची, आणि तिच्याखाली तोच सिरक्याचा वास. डिसेंबर ओला गेला. कडाक्याची थंडी पडली, थंडीत काम अडतं म्हणून त्यांनी डोंग्याच्या खाली दोन मोठे दिवे लावून ठेवले. मी एकदा वैतागून म्हणाले, "हे संपणार आहे की नाही?"

"पत्रक काढ," ते म्हणाले. "डोंग्याच्या नावानं काढ. तात्काळ सुक म्हना."

मी हसले. कित्येक महिन्यांनी हसले, आणि लगेच ते नकोसं वाटलं. त्यांनी ते पाहिलं असावं. "हस," ते म्हणाले. "दसरूभाऊ बी हसला असता. त्याले माझी माठाची गोष्ट आवडली होती."

धूळ आणि रेझिनने त्यांची छाती खराब झालेली होती. त्या हिवाळ्यात घासकाम करताना ते मधूनमधून बाहेर जाऊन भिंतीला हात टेकून उभे राहायचे. डॉक्टरने फायबर सोडायला सांगितलं होतं. "सोडतो," ते म्हणायचे, "हा सुकला का."

फेब्रुवारीच्या एका रविवारी पॉलिथिनच्या आत काही नव्हतं. मी बोट फिरवून पाहिलं. जलीलभाऊंनी ते काढून नवीन चौकोन चिकटवला, दुसऱ्या जागी. पुढच्या रविवारी तोही कोरडा. त्यांनी तिसरी जागा घेतली, जिथे पापुद्रा उचलला होता ती. तिथे आणखी दोन आठवडे लागले. मग त्यांनी स्वतः गाल लावला, बराच वेळ. उठून म्हणाले, "लिव."

मी कॅलेंडरवर लिहिलं: सुकला. हा एकच शब्द मी दोनदा गिरवला. बाकी सगळ्या काळात मला काय वाटलं, हे मला सांगता येत नाही. त्या चौकोनात काय वाटलं, ते सांगता येतं.

नंतरचं काम सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. काचेची नवी चटई, प्रत्येक धागा पारदर्शक होईपर्यंत रोलरने दाबलेली. इपॉक्सीचे पाच हात, एक वाळल्याशिवाय दुसरा नाही. होळीनंतर डोंगा तयार झाला. न्यायला जैतूबाई स्वतः आल्या, गावच्या चार पोरांना घेऊन. त्यांनी डोंग्याकडे पाहिलं नाही, जलीलभाऊंकडे पाहिलं.

"सुकला का?"

"तुमी पाहा," ते म्हणाले.

जैतूबाईंनी दोन्ही तळहात बुडावर ठेवले. मग गाल लावला, जसा त्यांच्या नवऱ्याने लावला होता. मार्चचं ऊन शेडमध्ये आलेलं होतं. "तापला आहे," त्या म्हणाल्या, आणि पोरांना डोंगा उचलायला सांगितलं.

त्या पावसाळ्यात डोंगा चालला. जैतूबाईंचा भाचा चालवतो. काठावर चार खांब रोवून त्यांनी मांडव केला आहे. काम नसेल तेव्हा डोंगा तिथे पालथा असतो, पाण्यात बांधलेला नसतो. हे जलीलभाऊंनी सांगून पाठवलं होतं.

जलीलभाऊ त्याच वर्षी जुलैमध्ये गेले. श्वासाचा त्रास वाढला आणि चार दिवसांत संपलं. मला संध्याकाळी कळलं, तोवर दफन झालं होतं. मी शेडवर गेले. त्यांच्या मुलीने दार उघडून दिलं. टायर मोकळे होते. मी त्यातल्या एका टायरवर बसले आणि या वेळी काही मोजलं नाही.

मी पुन्हा लिहायला लागले आहे. हे काही पत्रक नाही, पण पत्रकासारखीच याच्या शेवटी एक मागणी आहे, आणि ती सरकारकडे नसून वाचणाऱ्याकडे आहे. तुमच्या गावाला पंचायतीचा किंवा तहसीलचा फायबरचा डोंगा असेल, तर येत्या ग्रामसभेत दोन वाक्यांचा ठराव मांडा. पहिलं: डोंगा दुरुस्तीला गेल्यावर मिस्त्री 'सुकला' म्हणेपर्यंत त्याला कोणीही रंग लावणार नाही. दुसरं: तोवर गावाला दुसरा डोंगा तात्काळ मिळाला पाहिजे. 'तात्काळ' हा शब्द दुसऱ्या वाक्यातच ठेवा, पहिल्यात जाऊ देऊ नका. तरतूद नाही असं उत्तर आलं तर उठून येऊ नका, मी आले होते. ठरावाची प्रत कार्यालयात द्या, पोच घ्या, आणि ती पोच डोंगा चालवणाऱ्या माणसाच्या घरी ठेवायला द्या.